हील्स घालून आरामात चालायचं कसं? साताऱ्याच्या चढ-उतारांसह सविस्तर

साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. राजवाड्यापासून राजपथानं पोवई नाक्याकडे निघालं की पाय आपोआप उताराला लागतात, आणि परत समर्थ मंदिराकडे वर यायचं तर पोटऱ्या भरून येतात. त्यात कुठे पेव्हर ब्लॉक, कुठे गटारावरची जाळी, कुठे नुसतीच खडी. अशा गावात उंच टाचेची सँडल घालून चालायचं तर आरशासमोर दोन फेऱ्या मारून भागत नाही.

मी लग्नसराईत साड्या नेसवते. नवरी आणि करवल्या तयार झाल्या की शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा पायाचाच निघतो: "ताई, ही घालून मला स्टेजपर्यंत नीट जाता येईल ना?" खोक्यातून त्याच दिवशी पहिल्यांदा बाहेर आलेली चार इंची पेन्सिल हील असली, तर खरं उत्तर 'नाही' असंच असतं. ऐन समारंभाच्या दिवशी ते सांगावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. महिनाभर आधी कुणी विचारलं तर मी जे सगळं सांगेन, ते इथे लिहिते आहे. लग्नासाठी, कॉलेजच्या गॅदरिंगसाठी किंवा नोकरीच्या मुलाखतीसाठी हील घालायची असेल, तरी पद्धत हीच.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवूया. "घाल गं, दुखेल थोडं, होईल सवय" हा सल्ला घराघरांत दिला जातो आणि तो चुकीचा आहे. चवड्याखाली आग होणं, बोटं बधिर होणं, टाचेमागे फोड येणं ही शिकण्याची पायरी नाही. सँडल चुकलीये किंवा घाई झालीये, एवढाच त्याचा अर्थ. हील नीट बसत असेल आणि सराव हळूहळू वाढवला, तर शिकताना पोटऱ्या थकतात, पण पाय दुखून रडू येत नाही.

टाच उंचावली की काय बदलतं

उंच टाच मुळात चालण्यासाठी आलीच नाही. इराणी घोडेस्वारांच्या जोड्यांना टाच असे ती रिकिबीत पाय पक्का अडकून राहावा म्हणून. सतराव्या शतकात ती युरोपात पुरुषांच्या दरबारी पोशाखाचा भाग झाली. १६४३ ते १७१५ या काळात राज्य केलेला फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे जोडे घालत असे. बारीक, पोलादी कणा असलेली पेन्सिल हील तर १९५० च्या दशकातली. म्हणजे जी वस्तू घोड्यावर बसण्यासाठी होती, तिच्यावर आपण चालतोय. ते आपोआप जमत नाही म्हणून कुणी स्वतःला अजागळ समजू नये.

अनवाणी उभं असताना आपलं वजन टाच आणि चवडा यांच्यात वाटलेलं असतं. टाच वर गेली की ते चवड्यावर सरकतं. तोल पुढे जाऊ नये म्हणून कंबर आत जाते, गुडघे नकळत वाकतात. घोट्याच्या सांध्याचंही तसंच. पाय सपाट असताना तिथलं हाड दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये घट्ट बसलेलं असतं. टाच उंच झाली की ती पकड सैल पडते. म्हणून साध्या चपलेत ज्या खड्ड्याकडे लक्षही जात नाही, तोच हीलमध्ये पाय मुरगळायला पुरतो. या सैल पडलेल्या घोट्याला आधार द्यायचा, यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

सँडल निवडताना घाई नको

निम्मं काम दुकानातच होतं, त्यामुळे इथे जरा थांबते.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात; सकाळी बरोबर बसलेली सँडल रिसेप्शनच्या वेळी हमखास चावते. खण आळीत साड्या बघून, मोती चौकात दोन-तीन चकरा होऊन पाय दमलेले असतील, तर तीच चप्पल घेण्याची योग्य वेळ. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाच्या मापाची घ्या, लहान पायाला मागून पातळ पॅड लावता येतो.

जाताना घरून एक कागद न्या. कोऱ्या कागदावर अनवाणी उभं राहून पेन्सिलनं पायाची रेघ मारायची आणि तो आकार कापून घ्यायचा. पसंत पडलेल्या सँडलच्या आत हा कागद ठेवून बघा. पुढे बोटांच्या जागी कागद दुमडत असेल, तर तुमची बोटंही तशीच दुमडणार. दुकानदार सांगेल, "ताई, वापरून सैल होईल." पट्टा थोडाफार सैल होतो, पण पुढचा निमुळता भाग रुंद होत नाही.

जोडव्यांचा विचार तर फार कमी जणी करतात. बंद आणि टोकदार हीलमध्ये जोडवं शेजारच्या बोटात रुततं, आणि वजन सगळं पुढे आलेलं असल्यामुळे तासाभरात तिथली कातडी सोलते. जोडवी घालत असाल तर ती घालूनच माप बघा, आणि शक्यतो पुढून उघडी सँडल घ्या. नव्या नवरीची जोडवी लग्नाच्या दिवशीच पायात येतात. तिनं तर हे आधीच लक्षात घ्यायला हवं. पैंजणाचंही तसंच: घोट्याच्या पट्ट्याच्या बक्कलमध्ये घुंगरू अडकतं. पैंजण पट्ट्याच्या वर राहतं की खाली येतं, हे दुकानातच पाहून ठेवा.

उंची किती? पहिली जोडी दीड ते दोन इंच. याहून उंच पहिल्यांदा घेऊ नका. उंची मोजताना पुढचा सोल किती जाड आहे तेही बघा. मागे तीन इंच टाच आणि पुढे एक इंच प्लॅटफॉर्म असेल, तर पायाला जाणवणारी चढण दोनच इंचांची. उंच दिसायचंय पण चवड्याला त्रास नको, तर हा चांगला मार्ग आहे. फक्त प्लॅटफॉर्म फार जाड नको, कारण मग पायाला खालची जमीनच कळत नाही.

प्रकारांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिली सँडल ब्लॉक हीलची, म्हणजे जाड, रुंद टाचेची, आणि घोट्याला पट्टा असलेली असावी. वेज हील, म्हणजे टाचेपासून पुढेपर्यंत सलग भरीव सोल असलेली, मऊ जमिनीवर उत्तम, पण पाय वाकडा पडला तर अख्खी कलंडते, त्यामुळे फार उंच वेज नको. पेन्सिल हील सगळ्यात शेवटी, आणि तीही फक्त सपाट, कोरड्या फरशीसाठी. मागून उघडी, पट्टा नसलेली हील तर नवशिक्या पायाला नकोच. ती निसटू नये म्हणून बोटं सतत आत आवळली जातात आणि पाऊल मोकळं पडत नाही.

आता सँडल हातात घेऊन तीन गोष्टी करा. काउंटरवर ठेवून मागून बोटानं हलकं ढकला; टाच लटलटली तर परत ठेवा. मग पुढचं टोक आणि टाच धरून वाकवा. ती चवड्याच्या जागी वाकायला हवी. मधोमध, पायाच्या कमानीखाली वाकत असेल, तर आतली पोलादी पट्टी कमजोर आहे किंवा नाहीच, आणि अशी सँडल ऐनवेळी दगा देते. शेवटी ती घालून एका पायावर उभं राहा. वजन टाचेच्या बरोबर मध्यावर येतंय असं वाटलं पाहिजे. टाच फार मागे बसवलेली असेल तर पाय मागे ओढल्यासारखा होतो, फार पुढे असेल तर माणूस मागे कलल्यासारखा.

ऑनलाइन मागवणार असाल तर आल्या आल्या घरात गालिच्यावर किंवा सतरंजीवर घालून बघा. सोलला ओरखडा आला की परत करताना कटकट होते.

आधी पाय तयार करा

सँडल खोक्यात असतानाच हे सुरू करता येतं. रोज दहा मिनिटं, तीही स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून, पुरतात.

ओट्याला हात टेकून दोन्ही टाचा हळूहळू वर उचला, वर दोन आकडे थांबा, आणि त्याहून हळू खाली आणा. पंधरा वेळा. वर गेल्यावर घोटे बाहेर कलतात का, याकडे लक्ष द्या. वजन अंगठ्याच्या मुळाकडे ठेवायचं, करंगळीकडे नाही. हे जमलं की एका पायावर करा. दूध तापेपर्यंत एका पायावर उभं राहणं हाही चांगला व्यायाम आहे. जमायला लागलं की हात सोडा. रात्री टीव्हीसमोर बसल्या बसल्या जमिनीवर पंचा पसरा आणि पायाच्या बोटांनी तो आपल्याकडे गोळा करा. तळव्यातले जे लहान स्नायू एरवी झोपलेले असतात, त्यांना यानं जाग येते.

पोटरी ताणण्याचा व्यायामही विसरू नका. भिंतीला हात लावून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली, असं अर्धा मिनिट. वर्षानुवर्षं रोज हील वापरणाऱ्यांच्या पोटऱ्या आखडतात, इतक्या की नंतर सपाट चपलेत चालताना त्या ओढतात. सरावाच्या दिवसांत हा ताण रोज दिला तर ती वेळ येत नाही.

घरातला सराव

पहिल्या दिवशी चालू नका, नुसतं उभं राहा. खुर्चीत बसून सँडल घाला, पट्टा असा लावा की त्यातून करंगळीही जेमतेम जाईल. उठताना दोन्ही पाय गुडघ्यांच्या खाली घ्या आणि सरळ वर उठा. मग भिंतीला पाठ लावून उभं राहा: डोकं, खांदे आणि कूल्हे भिंतीला टेकलेले. भिंत सोडून एक पाऊल पुढे या आणि तीच ठेवण टिकवा. पोट किंचित आत, गुडघे सरळ पण ताठ नाहीत. वजन चवड्यावर जायला बघेल. ते मुद्दाम थोडं टाचेकडे आणा. पाच मिनिटं झाली की काढून ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फेऱ्या. पावलाची पद्धत अशी: आधी टाच टेकते, लगेच पाठोपाठ चवडा. साध्या चपलेत टाचेवरून चवड्यावर जायला जितका वेळ मिळतो, तितका इथे नसतो, दोन्ही जवळजवळ एकदमच टेकतात. पण चवडा आधी पडता कामा नये. चवडा आधी टेकणाऱ्या मुली गुडघे वाकवून, ओणव्यानं चालताना दिसतात, आणि दोन मिनिटांत मांड्या भरून येतात. पाऊल नेहमीपेक्षा लहान. घाई असेल तर पावलं लांब टाकण्याऐवजी जरा भरभर टाका.

फरशीच्या सांध्याची रेघ इथे कामाला येते. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ चिकटून पावलं पडू द्या. रॅम्पवरच्या मॉडेलसारखी एकापुढे एक पावलं टाकायचा मोह होतो, पण नवशिकीनं तो टाळावा, कारण पायात पाय अडकतो. नजर खाली नको. आठ-दहा फूट पुढचा दरवाजा किंवा कॅलेंडर बघत चाला. मान खाली गेली की खांदे पुढे येतात आणि वजन पुन्हा चवड्यावर.

कान उघडे ठेवा. बरोबर चाललं की टकटक सारख्या अंतरानं आणि हलकी ऐकू येते. 'टक-फरर' असा घसटल्याचा आवाज आला तर पाय पुरेसा उचलला जात नाहीये. दणदण आवाज म्हणजे टाच आपटतेय. एका पायाचा आवाज मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल, तर एका बाजूला वजन जास्त पडतंय. आरशापेक्षा मला या आवाजाचा उपयोग जास्त वाटतो, कारण आरसा बघायला मान वळवावी लागते. खालच्या मजल्यावर बिऱ्हाड असेल तर दुपारची झोपेची वेळ तेवढी सोडा.

वळताना टाचेवर गिरकी नको. दोन-तीन लहान पावलांत वळा. पहिल्या आठवड्यात रोज दहा-पंधरा मिनिटं, दुसऱ्या आठवड्यात अर्धा तास, आणि तोही कामं करत: पाणी भरलेला तांब्या घेऊन जा, फोनवर बोलत चाला, दार उघडा, कपाटातून काही काढा. लक्ष दुसरीकडे असताना पाय बरोबर पडू लागले की बाहेर पडायला हरकत नाही. याच दिवसांत सँडल कुठे चावते तेही कळतं. लाल झालेल्या जागी पट्ट्याला आतून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, आणि कातड्याची सँडल असेल तर जाड मोजे घालून घरात वापरा, ती पायाच्या आकाराला येते.

पायऱ्या, चढ आणि उतार

पायऱ्या चढताना चवडा पूर्ण पायरीवर ठेवा आणि अंग चवड्यावरून वर न्या. टाच पायरीच्या बाहेर राहिली तरी चालतं, पण ती अर्धवट कडेवर टेकू देऊ नका. उतरताना मात्र पूर्ण पाऊल पायरीवर हवं. त्यासाठी अंग किंचित तिरकं करा, एक हात कठड्यावर, दुसऱ्यानं साडी वा ड्रेस. पेन्सिल हीलमध्ये उतरताना फोन हातात नकोच.

साताऱ्यातल्या रस्त्यांचं गणित समजून घ्या. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर साधारण सहा इंच असतं. रस्ता दहा फुटांत एक फूट उतरत असेल, तर या सहा इंचांत तो अर्ध्या इंचाहून थोडा जास्त उतरतो. म्हणजे अडीच इंची हील उतारावर तीन इंचांहून उंच झाल्यासारखी वागते, आणि तोच रस्ता चढताना दोन इंचांपेक्षाही कमी. म्हणून चढ दमवतो पण पायाला सोपा जातो, आणि उतार दम लागू देत नाही पण पाय सँडलच्या पुढच्या टोकात दाबतो. बहुतेकींना चढाचीच भीती वाटते. जपायचं असतं ते उतरताना.

उतारावर सरळ खाली न जाता थोडं तिरकं जा, डावीकडून उजवीकडे. पाऊल आणखी लहान करा, अंग मागे टाकू नका, गुडघे मऊ ठेवा. घोट्याचा पट्टा एक घर घट्ट करा म्हणजे पाय पुढे घसरत नाही. चवड्याखाली सिलिकॉनचा पॅड असेल तर त्याचा खरा उपयोग इथेच होतो. सराव करायचाच असेल तर सकाळी लवकर, रहदारी नसताना, घराजवळच्या सौम्य उतारावर करा. बाजाराच्या वेळी राजपथावर अजिबात नको.

प्री-वेडिंग फोटोंसाठी अजिंक्यतारा किल्ला, चार भिंती स्मारक किंवा कासला जाणाऱ्यांना एकच सांगते: हील पिशवीत न्या, पायात नको. कासच्या पठारावर जांभा खडक आहे, खाचाखळग्यांनी भरलेला. तिथे बारीक टाच अडकली की एकतर टाच मोडते किंवा घोटा. फोटोपुरती घाला, उभं राहा, काढा. आणि फुलांवर पाय पडू देऊ नका.

कार्यालयात

मंगल कार्यालयात हीलची परीक्षा चालण्यापेक्षा इतर गोष्टींत जास्त होते.

साडी नेहमी हील घालूनच नेसा. निऱ्यांची खालची कड जमिनीपासून बोटभर वर हवी. अनवाणी नेसून मग हील घातली तर साडी आखूड दिसते, आणि उंच हीलच्या मापानं नेसलेल्या साडीत मध्येच हील काढली तर तीच साडी पायाखाली येते. घागऱ्याचं माप शिंप्याला देतानाही तीच सँडल सोबत न्या. नऊवारीवर मात्र मी हील सुचवत नाही. काष्ट्यामुळे पाऊल आणि घोटा उघडे दिसतात, तिथे कोल्हापुरी जितकी शोभते तितकं दुसरं काही नाही, आणि नवरी दिवसभर मोकळी वावरते.

लग्नाचे विधी अनवाणीच होतात, त्यामुळे हील लागते ती रिसेप्शनला. तरी दिवसभरात चार-पाच वेळा ती काढावी-घालावी लागते. शालू नेसून, दागिने घालून वाकून बारीक भोकाचं बक्कल लावणं नवरीला जमत नाही. हुकाचं बक्कल असलेली किंवा मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेली सँडल घ्या, आणि एका करवलीला हे काम आधीच सांगून ठेवा.

स्टेजची पाहणी कुणीतरी करायलाच हवी. बहुतेक ठिकाणी प्लायवूडच्या फळ्या जोडून वर कार्पेट अंथरलेलं असतं. दोन फळ्यांमधली फट कार्पेटखाली दिसत नाही, आणि पेन्सिल हीलची टाच बरोबर तिथेच जाते. समारंभाआधी भावाला किंवा मैत्रिणीला साध्या चपलेत स्टेजवर चालून फटी शोधायला सांगा आणि डेकोरेशनवाल्याकडून तिथे टेप मारून घ्या. स्टेजच्या पायऱ्यांना कठडा नसतो, तेव्हा कुणाचा तरी दंड धरा. हात धरला तर दोघांचाही तोल जातो.

फरशीवर पडलेल्या अक्षता फार धोक्याच्या. गुळगुळीत ग्रॅनाइटवर तांदळाचे दाणे पायाखाली घरंगळतात. मंगलाष्टकं संपल्यावर तो भाग झाडून होईपर्यंत हील घालून तिकडून जाऊ नका. हात धुवायच्या जागेजवळची ओली फरशी आणि ओल्या फुलांच्या पाकळ्याही तशाच. नव्या सँडलचा सोल गुळगुळीत असतो. आदल्या दिवशी पॉलिशपेपरनं तो थोडा खरखरीत करा. गटई कामगाराकडून चवड्याखाली पातळ रबरी सोल चिकटवून घेतला तर सगळ्यात उत्तम.

लॉनवर कार्यक्रम असेल तर पेन्सिल हील विसरा. पाणी मारलेल्या हिरवळीत ती खिळ्यासारखी रुतते. ब्लॉक किंवा वेज घाला. आता टाचेवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या गोल टोप्याही मिळतात, त्यांनी बरंच निभावतं.

वाकून नमस्कार. वडीलधाऱ्यांची रांग लागलेली असते आणि नवरीला प्रत्येकासमोर वाकायचं असतं. आधी पूर्ण थांबा. एक पाय अर्धं पाऊल मागे घ्या, डाव्या हातानं निऱ्या गुडघ्याशी धरा, आधी गुडघे वाकवा आणि मग पाठ. उठताना पुढच्या पायावर जोर देऊन सावकाश वर या. घरी साडी नेसून, सासूबाईंच्या जागी खुर्ची ठेवून हा सराव करा. रांग मोठी असेल तर सरळ हील काढून ठेवा. पायातलं काढून नमस्कार करायची आपल्याकडे रीतच आहे, कुणाला वावगं वाटणार नाही.

तासन्तास उभं राहणं चालण्यापेक्षा कठीण जातं. एक पाय किंचित पुढे आणि तिरका ठेवून वजन मागच्या पायावर घ्या, दर दोन-तीन मिनिटांनी पाय बदला. शालूच्या आड आतली बोटं हलवत राहा. फोटोंची गर्दी कमी झाली की बसा. खुर्ची त्यासाठीच ठेवलेली असते. आणि पिशवीत एक सपाट चप्पल असूच द्या, जेवणाच्या पंगतीपासून पुढे तीच वापरा.

स्कूटी, एसटी, पाऊस

स्कूटी चालवताना हील नको. चढावर सिग्नलला थांबलात की पाय टेकावा लागतो, आणि गाडीचं सगळं वजन त्या एका टाचेवर येतं. हील डिकीत, पायात सपाट चप्पल. कार चालवतानाही तेच, कारण पेडलचा अंदाज चुकतो. एसटीची पहिली पायरी उंच असते, दांडा धरूनच चढा. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, साताऱ्यात हील फक्त घराच्या आणि कार्यालयाच्या छपराखाली. शेवाळलेल्या फरशीवर कुठल्याही टाचेचं काही चालत नाही.

दुखलं तर

घरी आल्यावर कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, मग लाटणं जमिनीवर ठेवून तळव्याखाली हळूहळू फिरवा आणि पोटऱ्या ताणा. फोड आला असेल तर फोडू नका, वर पट्टी लावा.

पाय मुरगळला तर लगेच तेल लावून चोळायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडा. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दर दोन-तीन तासांनी पंधरा-वीस मिनिटं, वर क्रेप बँडेज, आणि पाय उशीवर उंच. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर वाट न बघता एक्स-रे काढा.

गरोदर असाल, मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल, अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं असेल किंवा अलीकडेच घोटा दुखावला असेल, तर हील बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. शाळेतल्या मुलींना एक इंचापुढे नेऊच नये. त्यांची हाडं अजून वाढत असतात.

टाचेची काळजी

टाचेच्या खाली जी रबरी टीप असते, ती दर महिन्याला उलटी करून बघा. बाहेरच्या बाजूनं जास्त झिजली असेल तर तुमचा पाय बाहेर कलतोय. ओट्याशी करायचे टाचा उचलण्याचे व्यायाम पुन्हा सुरू करा. आतल्या बाजूनं झिजली असेल तर कमानीखाली आधाराचा पॅड घालून बघा. रबर संपून आतला खिळा दिसायला लागला की ती सँडल गुळगुळीत फरशीवर बर्फासारखी घसरते, तेव्हा त्याआधीच टीप बदलून घ्या. गटईच्या टपरीवर हे काम बसल्या बसल्या होतं. एकच झिजली असली तरी दोन्ही बदला, नाहीतर दोन्ही टाचांची उंची सारखी राहत नाही. ठेवताना आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उन्हाची तिरीप आली की खोक्याबाहेर काढून वारा लागू द्या. बंद खोक्यात चार महिने राहिलेल्या सँडलचा डिंक सुटतो, आणि ते कळतं ती पुढच्या लग्नात पायात असताना.